केळीच्या गाडीचे पाटे

मी पाटेवाला मिस्त्री. चाकांच्या आखावर, गाडीच्या सांगाड्याखाली, लोखंडी पट्ट्यांची जी कमान एकावर एक रचलेली असते, ती बांधणं हा माझा धंदा. इंजिनाच्या मिस्त्रीला लोक उस्ताद म्हणतात, रंगाऱ्याचं नाव गाडीच्या मागे वेलबुट्टीत झळकतं, आणि पाटेवाल्याची आठवण पाटा तुटल्यावर होते, तीही शिवीसकट. मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली उताणा पडून काढली. खालून पाहिलं की गाडी कशी वापरली जाते ते कळतं, आणि मालक कसा आहे तेही बरंचसं कळतं.

धंदा ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला बाक द्यायचा आणि तेलात विझवायचा. जास्त तापला तर पहिल्याच खड्ड्यात काडकन मोडतो. कमी तापला तर चार महिन्यांनी दमलेल्या माणसासारखा खाली बसतो. हे सगळं रंगावरून ओळखायचं. धुळ्याला आग्रा रोडवर ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या रहीमउस्तादांना लाल रंगाच्या सात छटा दिसायच्या. मला तीनच दिसतात म्हणून ते माझ्यावर रोज चिडायचे. जळगावला नेरी नाक्याजवळ मी स्वतःची भट्टी टाकली, तेव्हा कुठे मला चौथी दिसायला लागली.

तो काळ डिस्पोजलच्या गाड्यांचा. लष्करानं वापरून लिलावात काढलेल्या गाड्यांना आम्ही डिस्पोजल म्हणायचो. नवी गाडी घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे हौशी आणि गरजू दोघेही लिलावाकडे धावायचे. खानदेशात डांबरी सडक गावाच्या अलीकडेच संपायची. पुढे काळी जमीन, नाले आणि बैलगाडीची वाट. मग माणसं गाडी घेऊन माझ्याकडे यायची आणि म्हणायची, "मिस्तरी, गाडी जंगली करून द्या." जंगली करणं म्हणजे चिखलातून, नाल्यातून, बांधावरून जाईल अशी करणं. पण हीच गाडी रोज पोटासाठी धावायची, लग्नसराईत वऱ्हाडही न्यायची, आणि लष्करासारखा सरकारी खजिना मालकापाशी नसायचा. तेव्हा काय लावायचं आणि काय नाही हे ठरवून देणं, हाच माझा अर्धा धंदा झाला.

गिऱ्हाइकांपैकी केशरचंदशेठ विसरता येत नाहीत. कापडाचे व्यापारी, मूळचे मारवाडचे, पण तीन पिढ्या जळगावात मुरलेले. यावल, एदलाबाद असे आठवडे बाजार करत फिरायचे. वाटेतल्या एका नाल्यात त्यांची छोटी गाडी दर पावसाळ्यात रुतायची. कुठल्याशा लष्करी गाडीच्या पुढे लोखंडी दोराचा रहाट बसवलेला त्यांनी पाहिला होता. दोर झाडाला बांधायचा, रहाट फिरवायचा, की गाडी आपली आपण बाहेर येते, असं ते मला हातवारे करून समजावत होते. मी म्हटलं, शेठ, दोन फळ्या आणि एक फावडं गाडीत टाका, तुमचं काम होईल. ही चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला कशाला? पण हौसेला मोल नसतं. त्यांनी रहाट आणलाच आणि मी तो बसवून दिला.

पहिल्याच पावसात गाडी नाल्यात रुतली. शेठनी काठावरच्या एका निंबाला दोर बांधला आणि रहाट सुरू केला. गाडी जागची हलली नाही, निंब मात्र आला. काठाची माती भिजून सैल झाली होती, झाड मुळांसकट उपटून गाडीच्या टपावर येऊन टेकलं. ज्या शेतकऱ्याचा तो निंब होता तो धावत आला. त्याची समजूत काढायला शेठना दोन लुगडी आणि एक धोतर द्यावं लागलं, आणि गाडी काढली ती त्याच शेतकऱ्याच्या बैलांनी. पुढे तो रहाट शेठच्या दुकानाच्या माडीवर गेला. कापडाच्या गाठी वर ओढायला त्याचा फार छान उपयोग झाला. गाडीत दोन फळ्या आणि फावडं आलं. शेठ मोठ्या मनाचे, ही गोष्ट ते स्वतःच चार माणसांत सांगत आणि सगळ्यांच्या आधी हसत.

असे प्रसंग सांगत बसलो तर लोकांना वाटेल की मी फार शहाणा होतो आणि गिऱ्हाइकं तेवढी वेडी होती. मला स्वतःलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून लोटनभाऊंच्या गाडीची हकीकत सांगायलाच हवी.

लोटनभाऊ मूळचे नरडाण्याकडचे, पण यावल तालुक्यात बहिणीच्या गावी येऊन स्थायिक झालेले. अंगानं किडकिडीत, आवाजानं मोठे, आणि बोली धुळ्याकडची, जशीच्या तशी राखलेली. त्यांचा एक डिस्पोजलचा ट्रक होता. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांतून केळीचे घड भरायचे आणि सावदा स्टेशनवर वॅगनमध्ये चढवायला आणायचे, हे त्यांचं रोजचं काम. पूर्वी ते बैलगाड्या करायच्या. गावातल्या बागायतदारांत विठ्ठलनाना वडीलधारे. त्यांनी शब्द टाकला आणि सगळ्यांचा माल लोटनभाऊंच्या गाडीला मिळाला. अट एकच होती, की गाडी पावसातसुद्धा थेट बागेच्या बांधापर्यंत आली पाहिजे. कापलेला घड फार थांबत नाही आणि वॅगन मुळीच थांबत नाही.

अडचण होती चाकोऱ्यांची. बागेची वाट बैलगाड्यांनी पाडलेली. बैलगाडीच्या दोन चाकांतलं अंतर ट्रकपेक्षा कमी. त्यामुळे ट्रकचं एक चाक चाकोरीत उतरलं की दुसरं वर राहायचं, गाडी एका अंगाला कलायची आणि मधल्या उंचवट्यावर तिचं पोट घासायचं. वाटेत एक नालाही होता. लोटनभाऊ पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे आले ते विडीच्या बंडलाच्या कागदावर यादी लिहूनच. पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर हवा, सगळे टायर मोठे हवेत, साखळ्या हव्यात, आणि केशरचंदशेठचा रहाट त्यांच्याही कानावर गेला होता, तोही हवा.

मी विचारलं, हात किती लांब पोचतो? त्यांनी आकडा सांगितला. त्यात यादीतली एक चीजही धड आली नसती. मग आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. पुढच्या चाकांचा जोर आधी खोडला, कारण तो घेतला तर गाडी विकूनच गिअर घ्यावा लागला असता. रहाट खोडताना त्यांना निंबाची गोष्ट सांगितली. टायर मागच्या चाकांना तेवढे खोल नक्षीचे, जुनेच, पण चांगले पाहून. साखळ्यांऐवजी काथ्याचा जाड दोर, चाकाला गुंडाळायला. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली जाड पत्रा. पुढे-मागे दोन-दोन मजबूत आकडे, म्हणजे बैल जुंपायची वेळ आली तर दोर कुठे बांधायचा हा प्रश्न नको. नाल्याचं पाणी शिरू नये म्हणून सायलेन्सरचा पाइप वळवून वर नेला. हे सगळं अंथरुणात बसलं.

राहिला पोट घासण्याचा प्रश्न. तो माझ्या हुन्नराचा. मी मागच्या दोन्ही कमानींत दोन-दोन पाटे वाढवले आणि चांगला चढा बाक दिला. गाडी चांगली वीतभर वर उचलली गेली. त्या पाट्यांवर मी मन लावून काम केलं होतं. तेलात विझवताना जो आवाज येतो, तो त्या दिवशी असा काही आला की रहीमउस्ताद जवळ हवे होते असं वाटलं.

गाडीची परीक्षा घ्यायला मी स्वतः गेलो, लोटनभाऊंच्या शेजारी केबिनमध्ये बसून. नाल्यात गुडघाभर पाणी होतं. गाडी उतरली, हुंकारली आणि पलीकडे चढली. चाकोऱ्यांत कुठेही पोट लागलं नाही. बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या उडवल्या. विठ्ठलनानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ताटभर भरीत-भाकरी खाऊ घातली. मी जळगावला परतलो तो जमिनीपासून वीतभर वरूनच.

सगळा पावसाळा गाडी एक दिवस अडली नाही. पाऊस उघडला, नवरात्र गेलं, चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कडक झाल्या. आणि एका सकाळी लोटनभाऊ गॅरेजवर येऊन बाकावर नुसतेच बसले. या माणसाला न बोलता बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. चहा आला आणि निवला. शेवटी त्यांनी सांगितलं. दिल्लीच्या आडत्यांकडून नानांना पत्रामागून पत्रं येत होती. माल इथून हिरवागार निघतो, तिकडे पिकायला घातला की सालीवर काळे डाग उमटतात. कधी निम्मा घड काळा. बैलगाड्या होत्या तेव्हा असं नव्हतं. नानांनी सांगून टाकलं होतं, की आठवड्याभरात सुधारलं नाही तर माल पुन्हा बैलगाड्यांना.

"मनी एकच गाडी शे, मिस्तरी," लोटनभाऊ म्हणाले. "ती बांधावर उभी ऱ्हायनी, ते मी कोना बांधावर उभा ऱ्हाऊ?"

मी त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त माझ्यावर नाही. आधी लोटनभाऊंना म्हटलं, तुम्ही गाडी फार पळवता. ते म्हणाले, पूर्वीइतकीच. मग म्हटलं, आडते लबाड असतील, भाव पाडायला पत्रं लिहीत असतील. हेही पटण्यासारखं नव्हतं, कारण नानांचा नातेवाईक स्वतः दिल्लीला जाऊन डाग पाहून आला होता. बागेत पोचलो तेव्हा भरणी चालू होती. बाया डोक्यावर घड घेऊन बांधापर्यंत यायच्या आणि गाडीत उभ्या असलेल्या बाईकडे वर द्यायच्या. एका पोरीच्या हातून घड जरासा निसटला. मी लगेच नानांना आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, इथंच घोडं पेंड खातंय, ह्या बाया घड आपटतात.

ते वाक्य तोंडातून गेलं. आज इतक्या वर्षांनीही मला ते परत घ्यावंसं वाटतं.

गाडीत उभी होती ती सोनाक्का. पन्नाशीची, उंच, कपाळावर गोंदलेली. घड वाहणाऱ्या बायांची ती मुकादम. घड एकमेकांत कसे बसवायचे, मध्ये कोरडी पानं कुठे घालायची, हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. गाडी भरली की मागे मालावर बसून स्टेशनपर्यंत जाणं आणि तिथं वॅगनमध्ये रचून देणं हेही तिचंच काम. ट्रक येण्याआधी बैलगाडीत बसून जायची, त्याच्याही आधी कुठल्या कुठल्या गाड्यांत. तिनं हातातला घड आधी नीट जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळून यावलकडच्या बोलीत म्हणाली, तिकडे 'ळ'चा 'य' करतात, "मिस्तरी, केयी कोन आपटते ते पायाचं असंन तं आज मांगे बसा."

सगळ्यांदेखत आव्हान आलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. मी चढलो आणि सोनाक्काच्या शेजारी, कोरड्या पानांवर, पाय पसरून बसलो. इतकी वर्षं मी गाड्या बांधत होतो, पण माझ्या हातानं पाटे भरलेल्या गाडीच्या मागे बसायची माझी ही पहिलीच वेळ. मी नेहमी केबिनमध्ये बसून पाहायचो.

गाडी चाकोरीत उतरली आणि माझे दात एकमेकांवर आपटले. पुढच्या धक्क्याला मी बसल्या जागेवरून वर उडालो आणि खाली आलो. माझ्याबरोबर सगळे घडही वर उडाले आणि खाली आले. मी पुन्हा खाली आलो तोच तिसरा धक्का. नाल्याच्या चढावर तर माझी टोपी गेली ती गेलीच. सोनाक्का दोन्ही हातांनी फाळका, म्हणजे गाडीच्या कडेची फळी, धरून बसली होती आणि पायांनी दोन घड दाबून धरले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डांबरी सडक लागली तेव्हा मी पाठ धरूनच उतरलो आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. तेवढ्या वाटेत मला सगळं कळलं होतं.

पाटा हा वजनाखाली वाकायला असतो. पुरेसं वजन पडलं नाही तर तो वाकत नाही, आणि वाकला नाही तर धक्का जसाच्या तसा वर पाठवतो. लष्करी गाडीचे पाटे दारूगोळा वाहायला केलेले, मुळातच कडक. केळीनं गाडी भरते, दिसते भली मोठी, पण घडांमध्ये निम्मी जागा हवेची आणि पानांची असते, धान्याच्या पोत्यांइतकी ती जड होत नाही. आणि त्यात मी आणखी दोन-दोन पाटे घातले होते, तेही माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. पावसाळ्यात वाट मऊ होती म्हणून निभावलं. वाट वाळली आणि घड प्रत्येक खेपेला एवढे आपटायचे की साल बाहेरून हिरवी राहायची आणि आतला मार चार दिवसांनी वर यायचा. रोगापेक्षा इलाज भयंकर, आणि इलाज माझा.

स्टेशनच्या ओट्यावर मी लोटनभाऊंना सांगितलं की चूक माझी आहे. सोनाक्काची माफी मागायला हवी होती, पण ती वॅगनमध्ये काम करत होती आणि मी मनातल्या मनात पुढचा हिशेब मांडायला लागलो होतो. कारागिराची ही खोड वाईट. चूक सापडल्याच्या आनंदात ती कुणावर ढकलली होती हे तो विसरतो.

पाटे काढणं सोपं होतं. वाढवलेले काढलेच, वर मूळचाही एक-एक काढला. पण मग गाडी खाली बसणार आणि पोट पुन्हा घासणार. दोन दिवस मी भट्टी बंद ठेवून विचार केला. शेवटी उपाय मिळाला तो आमच्याच आळीतल्या बैलगाडीच्या सुताराकडे. आख आणि कमान यांच्या मध्ये मी जुन्या पिकल्या बाभळीचे ठोकळे घातले, वर-खाली पत्रा मारून, आणि ते आवळणारे बोल्ट लांब करून घेतले. म्हणजे उंची तीच राहिली आणि कडकपणा गेला. पुढे ठोकळे लोखंडाचे केले, पण त्या आठवड्यात बाभूळच हाताशी होती. टायरमधली हवा थोडी कमी केली. नव्या पाट्यांच्या निम्म्या पैशांत काम झालं. त्यांतही निम्मी बाभूळ सुतारानं फुकट दिली, कारण गाडी बंद पडली तर बैलगाड्यांना पुन्हा काम येईल आणि चाकं दुरुस्त करून त्याचा जीव जाईल, असं त्याचं म्हणणं होतं.

नाना शब्दाचे पक्के, तसेच संशयाचेही पक्के. त्यांनी परीक्षा ठरवली. एकाच बागेतले, एकाच दिवशी कापलेले आठ घड बैलगाडीतून सावद्याला जातील आणि आठ ट्रकमधून. दोन्हीकडचे घड नाना स्वतः निवडतील. बैलगाडीच्या घडांना पांढरी सुतळी, ट्रकच्या घडांना लाल. मग स्टेशनजवळच्या एका बंद खोलीत गोवऱ्यांची धुरी देऊन ते पिकवायला ठेवायचे आणि सहाव्या दिवशी दार उघडायचं. लाल सुतळीचे घड काळे निघाले तर लोटनभाऊंची गाडी संपली.

परीक्षेच्या खेपेला मी पुन्हा मागे बसलो, कुणी न सांगता. गाडी चाकोरीत उतरली, झुकली, वर आली, आणि माझे दात जागेवर राहिले. घड हलत होते, पण सगळे मिळून, पाळण्यातल्यासारखे. नाला आला आणि गेला. मी सोनाक्काला काहीतरी विचारायला वळलो, तर ती फाळक्याला डोकं टेकून झोपली होती. तोंड जरासं उघडं, एक हात शेजारच्या घडावर. मला खोलीचं दार उघडायच्या आधीच निकाल कळला. तरी ते सहा दिवस मी जळगावात एकही पाटा सरळ ठोकला नाही.

सहाव्या दिवशी दार उघडलं. धुराचा आणि पिकल्या केळीचा वास एकदम अंगावर आला. नानांनी घड एकेक करून उजेडात आणले. पांढऱ्या सुतळीच्या आठांपैकी एकाला डाग होते. लाल सुतळीच्या आठांपैकी एकालाही नव्हते. नानांनी दोनदा मोजले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि एक केळं सोलून लोटनभाऊंच्या हातात दिलं. लोटनभाऊंनी ते खाल्लं नाही, नुसतं हातात धरून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांना वाटत होतं की ते धुरामुळे आहे असं आम्हाला वाटेल.

मग सगळे माझ्याभोवती जमले. नानांनी माझं कौतुक केलं. चूक कबूल करणारा मिस्त्री आपण पहिल्यांदाच पाहिला, असं ते म्हणाले. मी आपला मान खाली घालून ऐकत होतो, पण आतून फुललो होतो. सोनाक्का दाराशी बसून पानं निवडत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हटलं, "अक्का, त्या दिवशी मी भलतंच बोललो. आता कशी आहे गाडी?"

"ब्येस हाये," ती म्हणाली. मग हसली. तिच्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागलं. "बारा वर्सं झाले, मी गाडीच्या मांगे बसते, मिस्तरी. तवा कोन्ही पाटा काढला नही. केयी कायी पडली, तवा काढला."

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मला माझ्या हातून गेलेल्या गाड्या आठवायला लागल्या. कापसाच्या, भुईमुगाच्या, दगडाच्या. प्रत्येकीच्या मागे मालावर माणसं बसलेली असायची. हमाल, मजूर, पोरं कडेवर घेतलेल्या बाया. मी प्रत्येक मालकाला वाट कशी आहे आणि माल किती आहे हे विचारलं होतं. मागे कोण बसतं हे एकालाही विचारलं नव्हतं. खानदेशातल्या किती पाठी माझ्या कडक पाट्यांनी मोडल्या असतील, हे आता कुणी सांगू शकणार नाही. त्याची मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

पुढच्या आठवड्यात मी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि खाटेसारखी विणून एक बैठक केली. एक हात रुंद, पाठीला टेकायला आडवी पट्टी, फाळक्याला आकड्यांनी अडकवायची. ती घेऊन मी स्वतः बागेत गेलो आणि गाडीत बसवून दिली. मला चहा प्यायला नानांच्या ओट्यावर नेलं. परत येऊन पाहतो तर गाडी भरून तयार होती. माझ्या बैठकीवर नानांच्या बागेतला सगळ्यांत मोठा घड ऐटीत बसवलेला होता, आणि सोनाक्का नेहमीसारखी खाली, पानांवर.

लोटनभाऊ मला कौतुकानं म्हणाले, "देखा, मिस्तरी. कसा राजासारखा बठेल शे."

मी गाडीत चढलो, घड उचलून खाली ठेवला आणि अक्काला वर बसायला सांगितलं. तिनं आधी लोटनभाऊंकडे पाहिलं, मग नानांकडे. ती लुगडं सावरून बसली. एकदा दाबून पाहिलं, एकदा मागे टेकून पाहिलं. मी उतरलो आणि लोटनभाऊंनी गाडी चालू केली.

गाडी वळणावर जाईपर्यंत मी पाहत होतो. ती बैठकीवरच होती. तो मोठा घड तिनं खालून उचलून मांडीवर घेतला होता.